मरणाचे कारण काय लिहू?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक गृहस्थ येऊन बाकावर बसले. डोक्यावरचे केस उतरवलेले, खांद्यावर उपरणे. त्यांच्या वडिलांना मी बरीच वर्षे तपासत होतो, आणि बारा दिवसांपूर्वी पहाटे मला बोलावून नेले तेव्हा नाडी पाहून 'आता काही उरले नाही' हे सांगणाराही मीच होतो. ग्रामपंचायतीत नोंद करायची होती, बँकेची आणि सातबाऱ्याची कामे अडली होती, म्हणून ते मृत्यूच्या कारणाचा कागद न्यायला आले होते.

मी विचारले, "त्या रात्री नेमके काय काय झाले, जरा नीट आठवून सांगा." ते हात जोडून म्हणाले, "काहीबी लिखी द्या डाक्टरसाहेब, माणूसच गया आते."

माणूसच गेला, आता काहीही लिहा. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. कारण माझाही हात सवयीने तेच लिहायला निघाला होता, जे आम्ही डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत : 'हृदयक्रिया बंद पडून'.

वाचकहो, हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय आजवर कोणी मेले आहे काय? नागाने डसलेल्याची हृदयक्रिया बंद पडते, बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईची पडते, नव्वदीच्या म्हाताऱ्याची पडते आणि फाशी गेलेल्याचीही पडते. हे मरणाचे कारण नव्हे, हे तर मरणाचेच दुसरे नाव. दिवा का विझला असे विचारले तर तेल संपले, वारा आला किंवा कोणी फुंकर मारली असे उत्तर हवे. 'उजेड गेल्यामुळे' हे काही उत्तर झाले नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी, आणि शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने उपचार केले त्याने मरणाच्या कारणाचा दाखला द्यावा, तोही एक पैसा न घेता, असे त्यात आहे. दवाखान्यातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४ अ. या कागदाची रचना मोठी शहाणपणाची आहे. पहिल्या ओळीत जे शेवटी घडले ते लिहायचे, दुसऱ्या ओळीत ते कशामुळे घडले, तिसऱ्या ओळीत त्याच्याही मुळाशी काय होते. म्हणजे विहिरीत उतरावे तसे एकेक पायरी खाली जायचे. सगळ्यात खालच्या पायरीवर जे सापडते तेच खरे कारण, आणि सरकार मोजते तेही तेच. आम्ही मात्र पहिल्याच पायरीवर बसून सही ठोकतो. दवाखान्यात गर्दी असते, नातेवाईक घाईत असतात, आणि खरे सांगायचे तर खाली उतरून पाहिले की कधी कधी आपलीच चूक तिथे पडलेली दिसते. ती भीतीही असते.

बहुतेक मरणांना तर हा कागदही मिळत नाही. २०२० साली देशात जेवढ्या मृत्यूंची नोंद झाली, त्यांपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू शेकडा साडेबावीस होते. उरलेली माणसे 'म्हातारपण', 'ताप', 'दम', 'पोटात दुखून' अशा शब्दांत वहीत जाऊन बसली.

मग देशात माणसे कशाने मरतात हे कळते कसे? त्यासाठी या शतकाच्या सुरुवातीला भारताच्या महानिबंधक कार्यालयाने आणि डॉ. प्रभात झा यांच्यासारख्या संशोधकांनी एक सोपी पण चिकाटीची वाट धरली. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरी माणूस पाठवायचा, घरच्यांना बसवून शेवटच्या दिवसांची हकीकत विचारायची, ती लिहून घ्यायची, आणि दोन डॉक्टरांनी ती एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवायचे. दहा लाख मृत्यूंचा अभ्यास म्हणून हे काम ओळखले जाते. त्यातून एकेक गोष्ट अशी निघाली की ऐकणारा थक्क व्हावा. सर्पदंशाचेच घ्या. सरकारी दवाखान्यांच्या हिशेबात सापाने मरणारे वर्षाला एक-दोन हजार दिसत. घरोघर विचारल्यावर २००५ च्या सुमाराचा आकडा निघाला वर्षाला सुमारे ४६ हजार, आणि त्यांतले शेकडा ९७ खेड्यांतले. पुढच्या अभ्यासात तो सरासरी ५८ हजारांवर गेला. एवढी माणसे मेली ती दवाखान्यात पोचलीच नव्हती, म्हणून ती कोणाच्या हिशेबातच नव्हती.

माझा दवाखाना अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या एका गावात आहे. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर ही गावे या एका रस्त्यात ओवलेली आहेत, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. रस्त्याच्या दक्षिणेला तापीपर्यंत काळी जमीन, केळी आणि कपाशी. उत्तरेला पाच-दहा कोस गेले की सातपुडा, पावरा, बारेला, भिल्ल आणि तडवींचे पाडे. माझ्या बाकावर दोन्हीकडची माणसे शेजारी शेजारी बसतात. गेली वीसेक वर्षे मी एक साधी वही ठेवली आहे. ज्या मरणांशी माझा काही ना काही संबंध आला, ती मी तिच्यात टिपतो. हा काही शास्त्रीय अभ्यास नव्हे. पण ती वही चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरते, की रस्त्याच्या अलीकडची माणसे आणि पलीकडची माणसे एकाच मरणाने मरत नाहीत. त्यांची वयेही एक नाहीत.

आधी अलीकडचे पाहू.

आपल्या आजे-पणज्यांना पटकी, देवी, प्लेग आणि ताप यांनी नेले. गावाच्या शिवेवर मरीमायचे ठाणे असते ते उगाच नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने देशात इतकी माणसे नेली की १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या आधीच्यापेक्षा कमी भरली. असे त्यानंतर एकदाही झालेले नाही. पुढे लसी आल्या, नळ आले, अँटिबायोटिक आले. १९९० साली देशातल्या शंभर मृत्यूंपैकी ५४ संसर्गाने, बाळंतपणाने आणि कुपोषणाने होत होते. २०१६ मध्ये ते २८ वर आले, आणि हृदयविकार, लकवा, मधुमेह, दमा, कॅन्सर यांसारख्या न लागणाऱ्या रोगांनी होणारे मृत्यू ३८ वरून ६२ वर गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राज्यवार हिशेब मांडून २०१७ साली हे प्रसिद्ध केले. पहिला नंबर हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबण्याचा, आणि महाराष्ट्रही त्याला अपवाद नाही.

माझ्या वहीत अलीकडच्या बाजूला हेच आहे. पन्नाशी-साठीचा पुरुष, घरी चार एकर केळी, मोटारसायकल आल्यापासून चालणे बंद, भाजीवर तर्री दोन बोटे, शेवेशिवाय जेवण नाही. (भरीत आणि कळण्याची भाकरी यांना मी दोष देत नाही. ते खाऊन कोणी मेल्याचे मला ठाऊक नाही. पण त्यावर जे तेल ओततो ते जरा हात आखडून ओतावे.) खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. एका रात्री छातीत जड होते, घाम सुटतो, उलटी होते. घरचे म्हणतात, गॅस झाला. सोडा पाजतात, ओवा देतात, छाती चोळतात. पहाटे रिक्षा मिळते तोवर पाच तास गेलेले असतात. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या एक-दोन तासांत मिळाले तर हृदयाचा मोठा भाग वाचतो. जितका उशीर तितका उपयोग कमी, आणि बारा तासांनंतर जवळपास नाहीच. मधुमेह्याला तर कित्येकदा छातीत दुखतसुद्धा नाही, नुसता घाम आणि धाप. चाळिशीनंतर असा 'गॅस' घामासहित आला तर सोडा शोधू नका, ईसीजी कोठे निघतो ते शोधा आणि १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

लकव्याचेही तसेच. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले की आमचे लोक अजूनही 'लकव्याचे औषध' देणाऱ्याच्या गावाचा पत्ता विचारतात. गुठळीचा लकवा असेल तर साडेचार तासांच्या आत मोठ्या दवाखान्यात, डोक्याचा सिटी स्कॅन होतो अशा ठिकाणी पोचले पाहिजे. औषधवाल्याच्या दारात रांग लावून बसण्यात ते तास जातात.

आणि या दोन्हींच्या मुळाशी काय, तर वाढलेला रक्तदाब, ज्याचा रुग्णाला काडीचा त्रास होत नाही. माझ्याकडे गोळ्या सुरू करणारे पुष्कळ येतात, वर्षभर चालू ठेवणारे थोडे. "बरं वाटतंय म्हणून बंद केली." "गोळीची सवय लागते म्हणे." अहो, भाकरीचीही सवय लागते, ती कोणी सोडली आहे का? रक्तदाबाची साधी गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. तिला अडचण पैशाची नाही, डोक्यातल्या समजाची आहे.

बायकांची गोष्ट थोडी निराळी. माझ्या वहीत 'दम लागून' गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी निम्म्या बाया अशा, की ज्यांनी जन्मात विडी ओढली नाही. त्यांनी ओढला तो चुलीचा धूर. कपाशी निघाली की पऱ्हाट्या घरी येतात आणि वर्षभर चुलीत जातात. बंद खोलीत, चाळीस-पन्नास वर्षे, दोन वेळा. फुप्फुसाच्या नळ्या आकसतात, खोकला सुरू होतो, पुढे दहा पावलांवर धाप लागते. देशातल्या मृत्यूंच्या कारणांत या जुनाट दम्याचा क्रमांक हृदयविकाराच्या पाठोपाठ आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा सिलिंडर पुष्कळ घरांत आला. पण मी घरी तपासायला जातो तेव्हा चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर असेच दिसते, कारण सिलिंडर पुरवायचा असतो.

तंबाखूवर मी या सदरात वारंवार लिहितो म्हणून आज थोडक्यात. २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणे राज्यातली शंभरातली २६ ते २७ प्रौढ माणसे तंबाखू घेत होती, त्यांतली बहुसंख्य खाणारी, ओढणारी थोडी. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, आणि ती कशी पाळली जाते ते पानटपरीवर उभे राहणाऱ्याला मी सांगायला नको. मशेरी लावणाऱ्या बायांना तर तो तंबाखू वाटतच नाही.

आता रस्त्याच्या पलीकडे चला.

तिकडची पाने लिहिताना माझी वही वेगळीच होते. वयाच्या रकान्यात 'सहा दिवस', 'चार महिने', 'दोन वर्षे', 'एकोणीस', 'बावीस' असे आकडे येतात. आणि कारणाच्या रकान्यात पुष्कळदा प्रश्नचिन्ह असते, कारण मला कळते तेच चार-सहा महिन्यांनी, दुसरा कोणी आजारी पडून आला म्हणजे. "मागच्या पावसाळ्यात एक लेकरू गेले" असे आई मध्येच सांगते आणि पुन्हा मांडीवरच्या लेकराच्या खोकल्याकडे वळते.

महाराष्ट्रात २०२० साली हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळे १६ होती. देशात हे प्रमाण चांगले समजले जाते आणि ते आहेही. पण सरासरी ही मोठी फसवी गोष्ट. एक पाय विस्तवात आणि एक बर्फात ठेवला तर सरासरीने माणूस सुखात असतो. जुना धुळे जिल्हा १ जुलै १९९८ रोजी विभागला जाऊन नंदुरबार वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत शंभर लोकांमागे आदिवासी जळगावात १४, धुळ्यात ३१-३२ आणि नंदुरबारमध्ये ६९ होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वयाच्या मानाने वजन कमी असलेली पाच वर्षांखालची मुले राज्यात शेकडा ३६ भरली, आणि नंदुरबारमध्ये निम्म्याहून अधिक. जळगाव जिल्ह्याच्या सरासरीत चोपडा, यावल, रावेरचे पाडे झाकून जातात. नंदुरबारला झाकायला काही नाही इतकाच फरक.

कमी वजनाचे मूल उपासाने मरत नाही, हे समजून घेतले पाहिजे. ते मरते न्यूमोनियाने, जुलाबाने, गोवराने. ज्या न्यूमोनियातून केळीच्या मळेवाल्याचा नातू चार दिवसांत खेळायला लागतो, तोच न्यूमोनिया पाड्यावरच्या लेकराला दीड दिवसात नेतो. नोंद झालीच तर 'ताप' म्हणून होते. भूक कुठेच नोंदली जात नाही.

हे टळू शकते हे आपल्याच राज्यात सिद्ध झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवले की बाळाला ऊब कशी द्यावी, श्वास कसे मोजावे, दूध पीत नाही हे कधी गंभीर समजावे, जंतुसंसर्गावर औषध केव्हा द्यावे. ३९ गावांत हे काम झाले आणि महिन्याच्या आतल्या बाळांचे मृत्यू शेकडा ६२ नी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताईंकडे घरी जाऊन नवजात बाळ पाहण्याचे काम आले ते त्यातूनच. आमच्या भागातल्या आशाताई चार-पाच मैल चढ चढून जातात. त्यांच्या पिशवीतला वजनकाटा बिघडला तर तो लवकर बदलून मिळावा एवढीच त्यांची मागणी मी ऐकली आहे.

आता वहीतले जे पान मी फार वेळा उघडत नाही, त्याविषयी लिहितो.

मी दवाखाना टाकला त्या सुरुवातीच्या काळात एक पावरा मुलगा बापाबरोबर यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेल. अंगकाठी किरकोळ, डोळे पिवळसर. हातपाय, कंबर ठणकायची, इतकी की तो बाकावर बसू शकत नसे, जमिनीवर आडवा व्हायचा. मी सांधेवात समजून दुखण्याचे इंजेक्शन देत असे. दोन दिवसांत बरे वाटे, तीन-चार महिन्यांनी पुन्हा हजर. डोळे पिवळे म्हणून एकदा कावीळ समजलो. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. असे सहा वर्षे चालले. एका पावसाळ्यात त्याला ताप आला, नाल्याला पूर होता, खाली आणता आले नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला. बापाने नंतर कधीतरी येऊन सांगितले. नोंद कोठे झालीच असेल तर 'ताप' अशीच झाली असेल.

पुढे काही वर्षांनी त्याच्या धाकट्या बहिणीची आश्रमशाळेत रक्ततपासणी झाली आणि कागद घेऊन तोच बाप माझ्याकडे आला. कागदावर लिहिले होते : सिकलसेल. तो कागद हातात धरून मी किती वेळ बसलो ते आठवत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकतात. त्या लवकर फुटतात म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. प्लीहा निकामी होते म्हणून साधा संसर्गही जीव घेतो. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला मी हे तोंडपाठ म्हटले होते. परीक्षेत दोन पाने लिहिले असते. सहा वर्षे ते माझ्या बाकासमोर जमिनीवर आडवे पडत होते आणि मला ओळखू आले नाही.

पुण्याच्या डॉ. काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासींचे रक्त तपासून २००२ साली जे लिहिले त्यात पावरा आणि भिल्ल समाजात चार-पाच माणसांमागे एक वाहक आढळला. वाहकाला स्वतःला त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला रोग होण्याची शक्यता चारात एक. बोटातल्या थेंबाची तपासणी आहे, ती आरोग्य केंद्रात फुकट होते. हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध आहे, त्याने दुखण्याचे झटके आणि रक्त भरण्याची वेळ पुष्कळ कमी होते. भरपूर पाणी, फॉलिक अॅसिड, न्यूमोनियाची लस आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, एवढे सांभाळले तर आयुष्य वाढते. १ जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. त्या मुलीला औषध सुरू झाले. तिचे लग्न झाले, तेव्हा मुलाचे रक्त तपासल्याशिवाय बापाने होकार दिला नाही. मी सांगितले होते म्हणून नव्हे. त्याला आता माझ्याहून जास्त कळत होते.

सापाचे वर आलेच. पलीकडे माणसे जमिनीवर झोपतात, आणि मण्यार रात्री चावते. तिचा दंश मुंगी चावल्यासारखा, सूज नाही, रक्त नाही. पोटात दुखते, पापण्या जड होतात, घसा धरतो, आणि लोक भगताकडे नेतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारी एकच लस आहे आणि ती ग्रामीण रुग्णालयात मोफत असते. बांधू नका, कापू नका, हात किंवा पाय हलवू न देता आणा. भगताला नको म्हणत नाही मी. त्याला गाडीत बरोबर घ्या, मंत्र वाटेत म्हणू द्या. असे मी दोन-तीनदा केले आहे, आणि भगतच पुढच्या वेळी रुग्ण पाठवू लागला. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणे याने हे मरण मोठ्या प्रमाणात टळते. खाट मात्र घरात असावी लागते.

आतापर्यंतचे वाचून कोणाला वाटेल की वाईट ते सारे पलीकडे आणि अलीकडे सगळे शहाणे. तसे नाही. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली जळगाव जिल्ह्यात साडेआठशेच्याही खाली होत्या. नंदुरबारमध्ये सव्वानऊशेच्या वर. ज्या जिल्ह्यात रस्ते, सोनोग्राफी, केळी आणि बँका, तिथे मुली कमी. जिथे लेकरे कुपोषणाने खंगतात तिथे मुली जन्माला तरी येऊ दिल्या जातात. जन्माला न आलेल्यांची कोणत्याच नमुन्यावर नोंद होत नाही. या पापात आमच्या धंद्यातले लोक होते, हे मी इथे लिहून ठेवतो.

आणखीही कारणे आहेत, त्यांवर स्वतंत्र लेख लिहावे लागतील. मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि त्याला मिळणाऱ्या फाट्यांवर जाणारे तरुण, बहुतेक बिनहेल्मेटचे. फवारणीच्या औषधाने, कधी चुकून आणि पुष्कळदा जाणून, जाणारे शेतकरी. त्यांच्या घरी कारण विचारायला मला आजही जीभ रेटत नाही. मन खचले असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की उसतोड करून परतलेले, वीटभट्टीवरचे मजूर आणि एकटे म्हातारे उन्हाने जातात आणि वहीत 'चक्कर येऊन' असे लागते. आणि करोना. मे-जून २०२० मध्ये जळगाव जिल्ह्यात करोना झालेल्या शंभर रुग्णांत दहाहून अधिक दगावत होते. देशात त्या वेळी ते प्रमाण तीनच्या आसपास होते. लोक उशिरा येत होते हे खरे, व्यवस्था अपुरी होती हेही खरे. पण ज्यांचा रक्तदाब आणि साखर आधी कोणी पाहिलीच नव्हती, त्यांची ती पहिली तपासणी त्या वॉर्डात झाली. त्यानंतर काही काळ गावात लोक साखर तपासून घ्यायला स्वतःहून येत. आता पुन्हा येत नाहीत.

त्या उपरण्यातल्या गृहस्थांकडे परत जातो. मी पेन खाली ठेवले आणि त्यांना चहा मागवला. हळूहळू त्यांनी सांगितले. वडिलांनी पेरणीच्या धांदलीत दीड महिन्यापासून गोळ्या आणल्या नव्हत्या. त्या रात्री जेवणानंतर पाठीत भरून आले, घाम आला, एक उलटी झाली. त्यांनी स्वतःच सांगितले, उठवू नका कोणाला, गॅस आहे. आईने पाठ चोळली. दोनच्या सुमारास शांत झोपले असे सर्वांना वाटले.

मी पहिल्या ओळीत हृदयविकाराचा तीव्र झटका लिहिला, दुसऱ्या ओळीत रक्तवाहिन्यांचा आजार, तिसऱ्या ओळीत उच्च रक्तदाब आणि मधुमेह, कालावधी नऊ वर्षे. तंबाखूचा रकाना असतो, त्यात 'होय' लिहिले. त्यांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे गॅस नव्हता तो."

मी नाही म्हणालो. आणि कागद देण्याआधी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. वय ४४, दाब १७० वर १०४. त्यांनी यापूर्वी कधीच मोजला नव्हता. पुढच्या सोमवारी उपाशीपोटी साखर तपासायला बोलावले, आणि जमले तर आईलाही आणा म्हटले. सोमवारी दोघेही आले.